हप्ता आठवड्याला, माल दीड महिन्याने : सूक्ष्मकर्ज देणाऱ्यांना आणि प्रशिक्षण आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सूक्ष्मकर्ज मंजूर करणाऱ्या संस्थांच्या कर्जसमित्या
आणि छोट्या उद्योजकांसाठी अभ्यासक्रम आखणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी प्लास्टिक आणि पुठ्ठ्याच्या भंगाराचा छोटा धंदा करते. कचरावेचकांकडून माल घ्यायचा, छाटायचा, दाबून गठ्ठे बांधायचे आणि गाडीभर झाला की रिसायकलिंगच्या कारखान्याला पाठवायचा. माझ्याकडे पाच बायका कामाला आहेत. तुमच्यासारख्याच एका संस्थेकडून मी दोनदा कर्ज घेतले आणि दोन्ही वेळा पूर्ण फेडले. ते मिळाले नसते तर आजही मी दुसऱ्याच्या वखारीत बसून बाटल्यांची बुचे काढत असते, हे मी विसरलेले नाही. पण पहिले कर्ज ज्या रीतीने आले, त्या रीतीने माझा धंदा जवळजवळ बसलाच होता. तीच रीत आज नव्याने उभ्या राहणाऱ्या बायकांना लावली जाताना मी पाहते आहे, म्हणून हे पत्र.

आमच्या धंद्यात पैसा बाहेर जातो रोज आणि आत येतो खेपेला. वेचणारी बाई दिवसभर पाठीवर पोते वाहून संध्याकाळी माझ्या दारात येते. तिला पैसे तेव्हाच द्यावे लागतात, कारण तिच्या घरची चूल त्यावर पेटणार असते. तिला 'उद्या ये' म्हणून चालत नाही, आणि म्हटले तर ती पुढच्या वखारीत जाते, परत येत नाही. उलट कारखान्याला माल लागतो गाडीभर. सुट्या बाटल्यांनी गाडी भरली तर ती बहुतांश हवेनेच भरते, भाडे मात्र पूर्ण गाडीचे लागते. म्हणून बाटल्या दाबून, गठ्ठे बांधून, पुरेसे वजन होईपर्यंत थांबावे लागते. मला तेव्हा एक गाडी जमवायला पाच ते सहा आठवडे लागत. कारखान्याने माल तपासून पैसे सोडायला आणखी काही दिवस. एवढा सगळा काळ माझा पैसा गठ्ठ्यांच्या रूपाने कोपऱ्यात उभा असे.

माझ्या कर्जाचा पहिला हप्ता आला दुसऱ्या आठवड्यात.

तो कुठून भरायचा? अर्धवट छाटलेला ढीग होता, तोच विकावा लागला. एका मोठ्या व्यापाऱ्याला, मिसळ मालाच्या भावाने. पारदर्शक पेट (पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक), रंगीत पेट, दुधाच्या कॅनचे एचडीपीई, डब्यांचे पीपी या प्लास्टिकच्या जाती वेगवेगळ्या केल्या की प्रत्येकीला आपापला भाव मिळतो. एकत्र दिले की सगळ्यांना त्यातल्या सर्वांत हलक्या मालाचा भाव लागतो. माझी सगळी कमाई या दोन भावांच्या मधल्या जागेत आहे. हप्त्यासाठी मी ती जागाच दर आठवड्याला दुसऱ्याच्या हवाली करत होते. माझा हप्ता गुरुवारी असे. दोन महिन्यांत त्या व्यापाऱ्याला माझा वार पाठ झाला. बुधवारी संध्याकाळी गेले की भाव पडलेला असे, शुक्रवारी पुन्हा वर. मी भांडले नाही, कारण गुरुवार टळणार नव्हता.

तुमच्या कामाची सुरुवात कुठून झाली ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी इथे आठवण करून द्यावीशी वाटते. १९७६ साली बांगलादेशातल्या जोब्रा गावात अर्थशास्त्राचे प्राध्यापक महंमद युनूस यांनी ४२ जणांना मिळून २७ डॉलर दिले. त्यांत बांबूची आसने विणणाऱ्या बायका होत्या. त्यांची अडचण अशी होती की बांबूसाठी पैसे देणारा आणि तयार आसने घेणारा व्यापारी एकच होता, आणि भावही तोच ठरवी. हातात थोडे स्वतःचे पैसे आले की ती गाठ सुटते, एवढी ती साधी कल्पना. १९८३ मध्ये त्यातून गरिबांना छोटी कर्जे देणारी ग्रामीण बँक उभी राहिली, २००६ मध्ये युनूस आणि ही बँक यांना शांततेचे नोबेल मिळाले. व्यापाऱ्याच्या मुठीतून माणसाला सोडवण्यासाठी जे कर्ज जन्माला आले, त्याच कर्जाचा हप्ता मला दर बुधवारी व्यापाऱ्याच्या दारात नेऊन उभी करत होता. हे तुमच्या हेतूच्या नेमके उलटे आहे, आणि म्हणूनच तुम्ही ते बदलाल असा मला भरवसा आहे.

साप्ताहिक हप्ता मुळात वाईट नाही. भाजी विकणारीकडे, चहाची टपरी चालवणाऱ्याकडे रोज रोख येते. मोठी रक्कम एकदम जमवण्यापेक्षा थोडी थोडी देणे त्यांना सोपे जाते. पण ज्या धंद्यात माल साठवूनच पैसा होतो, तिथे हा हप्ता माल साठू देत नाही. हे एकट्या माझ्या अनुभवावरून म्हणत नाही. कोलकात्यात अर्थतज्ज्ञांनी कर्जदारांचे दोन भाग करून पाहिले. काहींचे हप्ते नेहमीसारखे लगेच सुरू झाले, काहींना पहिला हप्ता सुरू होण्याआधी दोन महिन्यांची सवलत मिळाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सवलत मिळालेल्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि पुढे त्यांचा नफाही वाढला, असे दिसले. त्याच अभ्यासात थकबाकीही वाढलेली दिसली. ते मी लपवत नाही, कारण तुमच्या समितीत पहिला प्रश्न तोच येणार आणि तो यायलाच हवा.

त्यावर मला सुचते ते असे. साप्ताहिक बैठक बंद करू नका. व्याजाची रक्कम आठवड्याला घ्या, थोडी बचतही सक्तीने घ्या, म्हणजे शिस्त राहील आणि माणूस नजरेसमोर राहील. मुद्दल मात्र खेपेला घ्या. गाडी कारखान्यात उतरली की काट्याची पावती मिळते, त्यावर वजन, घट, दर सगळे लिहिलेले असते. ती पावती हाच आमचा पगाराचा कागद. कारखान्याने रक्कम थेट कर्जखात्याशी जोडलेल्या खात्यात भरावी, त्यातून मुद्दलाचा ठरलेला भाग आधी वळता व्हावा, उरलेला आम्हाला मिळावा. माझ्या दुसऱ्या कर्जाच्या वेळी मी हे तोंडी मागितले. मिळाली फक्त सहा आठवड्यांची सवलत. तेवढ्यानेही फरक पडला. त्या सहा आठवड्यांत मी पहिल्यांदा पूर्ण छाटलेली गाडी पाठवली, आणि त्यानंतर बुधवारी कोणाच्या दारात गेले नाही.

दुसरी गोष्ट यंत्राची. कर्ज मागायला गेले की यंत्रासाठी चटकन मिळते, खेळत्या भांडवलासाठी मिळत नाही. यंत्र दिसते, त्याचा फोटो काढता येतो, वेळ आली तर ते उचलून नेता येते, हे मी समजू शकते. पण आमच्या धंद्यात यंत्र पहिले आले तर ते गळ्यात पडते. पहिल्या कर्जातून मी बाटल्यांचा चुरा करणारे ग्राइंडर घेतले. चुऱ्याला आम्ही गिट्टी म्हणतो, आणि गिट्टीला गठ्ठ्यापेक्षा बराच जास्त भाव असतो. हिशेब कागदावर सुरेख होता. पण यंत्राला पुरेल एवढा माल विकत घ्यायला रोख उरलीच नव्हती. पाती बोथट झाली की धार लावायला पैसे, विजेचा भार वाढवायला पैसे. चार महिन्यांपैकी बहुतेक दिवस ते ताडपत्रीखाली होते.

जे दिवस ते चालले ते त्याहून महाग पडले. यातूनच प्रशिक्षणाचा मुद्दा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. पेट बाटल्यांच्या ढिगात कधी कधी पीव्हीसी या वेगळ्या प्लास्टिकच्या बाटल्या येतात. दिसायला तशाच, स्वच्छ, पारदर्शक. पेट वितळते साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअसला. तेवढ्या तापमानाला पोचण्याच्या खूप आधीच पीव्हीसीचे विघटन सुरू होते, त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा तिखट, आम्लधर्मी वायू निघतो, पेट कमकुवत आणि पिवळे पडते, मालात काळे ठिपके येतात. म्हणून फार थोडे पीव्हीसी असले तरी कारखाना गाडी परत पाठवतो. बाटली अख्खी असते तोवर ही चूक हाताने उचलून बाजूला टाकता येते. गिट्टी झाल्यावर ती उचलता येत नाही. पाण्यात टाकूनही उपयोग नाही. पाण्याच्या टाकीत पीपी आणि एचडीपीई तरंगतात, पेट बुडते, तेवढी विभागणी सोपी आहे. पण पीव्हीसीही पेटसारखेच पाण्यापेक्षा जड, तेही बरोबर तळाला जाते. माझी गिट्टीची दुसरी गाडी परत आली. जाण्यायेण्याचे भाडे माझ्याच अंगावर पडले.

त्याआधी मी प्रशिक्षण घेतलेले होते! पाच दिवसांचे, प्रमाणपत्रासह. सभागृहात आम्ही चाळीस जण बसलो होतो. शिलाईवाल्या, पापडवाल्या, दुकानदार आणि मी. शिकवणाऱ्या बाई मनापासून शिकवत होत्या. आम्ही पाच वर्षांचा व्यवसाय आराखडा भरला, बाजारपेठेचे विश्लेषण केले, ताळेबंदाचे रकाने आखले. त्यातले मला परत येऊन वापरता आले असे फारच थोडे होते. बाटली ओळखायला मला शिकवले ते गाडी परत आल्यानंतर, एका रिसायकलरच्या आवारात छाटणीच्या पट्ट्यावर वीस वर्षे काम केलेल्या मावशींनी. त्यांनी बाटली उलटी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बुडाकडे बघ." पेट बाटलीच्या बुडाशी मधोमध एक बारीक टिंब असते, साच्यात प्लास्टिक सोडल्याची खूण. पीव्हीसीच्या बाटलीच्या बुडाला बहुधा आडवी शिवण असते. दुमडली तर पीव्हीसीवर पांढरी रेघ उमटते. दोन दिवस मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. गिट्टीची त्यानंतर एकही गाडी परत आली नाही.

अभ्यासक्रम आखणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की शिकवण्याची जागा बदला. ढिगाशेजारी शिकवा. डोमिनिकन प्रजासत्ताकात छोट्या धंदेवाल्यांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवले, दुसऱ्याला हाताशी धरता येतील असे साधे नियम: घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायचा, घेतला तर लिहायचे, परत टाकायचे. साध्या नियमांच्या गटाची हिशेबाची सवय सुधारली, हिशेबशास्त्र शिकलेल्या गटात तसा ठोस फरक दिसला नाही. टोगोमध्ये सुमारे १५०० छोट्या उद्योजकांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ज्यांना पुढाकार घेणे, अडचण येण्याआधी हालचाल करणे, चिकाटी यांचे प्रशिक्षण मिळाले, त्यांचा नफा सरासरी ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या व्यवसाय-प्रशिक्षणाचा परिणाम ११ टक्के आला, आणि तोही खात्रीने सांगता येईल असा नव्हता. म्हणजे प्रशिक्षण फुकट जाते असे कोणी म्हणू नये. काय शिकवता यावर ते ठरते.

माझ्याकडे आज पत्र्याचे दोन डबे आहेत, एक घरचा आणि एक गाळ्याचा. गाळ्याच्या डब्यातून मुलाच्या फीसाठी घेतले तरी चिठ्ठी टाकते. या दोन डब्यांनी मला जे कळले ते ताळेबंदाने कळले नव्हते: माझा धंदा नफ्यात होता, घर त्यातून उचल घेत होते आणि मला वाटत होते धंदाच बुडतो आहे.

भंगाराच्या प्रशिक्षणात आणखी काय हवे ते सांगायला बसले तर पत्र फार लांबेल. पुठ्ठ्यातला ओलावा हाताला कळला पाहिजे, कारण कागद कारखाना ओलाव्याची घट धरतो आणि आपण पाण्याला पुठ्ठ्याचा भाव मोजून बसलेलो असतो. वजनकाटा तपासून, प्रमाणित करून घ्यायला शिकवा. माझे तर म्हणणे आहे की कर्जातली पहिली खरेदी यंत्राची नसावी, चांगल्या काट्याची असावी. वेचणाऱ्या बाईचा विश्वास काट्यावर बसतो, आणि तिच्या पोत्यात काटा मारून वाढवलेला धंदा मला धंदा वाटत नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्याच तासाला शिकवा: काय घ्यायचे नाही. शिशाच्या जुन्या बॅटऱ्या फोडणे हा पटकन पैसे देणारा उद्योग आहे, आणि नवा माणूस हप्त्याच्या ताणाखाली नेमका तिकडेच वळतो. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर या वस्तीत २००७ च्या अखेरीपासून २००८ च्या सुरुवातीपर्यंत १८ मुले शिशाच्या विषबाधेने गेली. बॅटऱ्यांमधले शिसे काढण्याचे काम घरांच्या आसपास होत होते, शिसे मिसळलेली माती लोक घरात आणून चाळत होते. तांब्यासाठी वायरी जाळण्याचेही तसेच. त्या धुरात डायॉक्सिनसारखी विषे असतात आणि जाळणारा बहुतेक वेळा एखादा लहान मुलगा असतो. ज्या कर्जातून असले काम उभे राहते ते वेळेवर फिटले तरी बरे कर्ज नव्हे. कर्जसमितीने माल कोणता, हे विचारलेच पाहिजे.

आता भावाबद्दल. आमचा भाव आम्ही ठरवत नाही, आमचा कारखानाही पूर्णपणे ठरवत नाही. तेल स्वस्त झाले की नवे प्लास्टिक स्वस्त होते आणि जुन्याची मागणी पडते. २००८ च्या अखेरीस आर्थिक मंदीबरोबर जगभर भंगाराचे भाव कोसळले. २०१७ मध्ये चीनने २४ प्रकारच्या कचऱ्याची आयात बंद करण्याचे जाहीर केले, १ जानेवारी २०१८ पासून ते लागू झाले, आणि पुढे ज्या मालाला परवानगी राहिली त्यातल्या बहुतेकांत भेसळीची मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आणली. ज्यांचा माल नीट छाटलेला नव्हता त्यांच्या मालाला तेव्हा जागा उरली नाही. अशा पडझडीत माझ्यासारखीची काही चूक नसते, तरी थकबाकीदार म्हणून नाव लागते. यासाठी आधीच, करारातच, एक कलम ठेवा: कारखान्याचा खरेदीभाव ठरलेल्या पातळीखाली गेला तर मुद्दलाचे हप्ते काही आठवडे पुढे सरकतील, आणि त्याचा डाग आमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर लागणार नाही. भाव पडल्यावर हात जोडून मागायला लावू नका. मागायची लाज वाटते म्हणून बायका सावकाराकडे जातात आणि त्याच्या पैशाने तुमचा हप्ता भरतात. तुमच्या वहीत ते खाते उत्तम दिसते.

गटाच्या जामिनाबद्दलही एक निरीक्षण आहे. भंगारवाल्यांचा गट भंगारवाल्यांचाच करू नका. भाव पडला की सगळ्यांचा एकदम पडतो, मग कोण कोणासाठी भरणार? आमच्या गटात एक शिवणारी आणि एक भाजी विकणारी होती, म्हणून भाव पडला त्या वर्षी आम्ही तरलो. आणि गठ्ठा बांधून, वजन करून, पावतीसह ठेवलेल्या मालाला तारण धरता येईल का, याचा विचार करा. सोने तारण धरता, मग छाटलेल्या पेटचे दोन टन का नाही?

सूक्ष्मकर्जाने गरिबी झटक्यात जाते असे मी कधी मानले नाही. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को अशा सहा देशांतले अभ्यास २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांचाही निष्कर्ष असाच होता की फायदा होतो, पण माफक, आयुष्य पालटून टाकणारा नव्हे. काही लोक त्यावरून म्हणतात की मग हे बंदच करा. मला उलट वाटते. एकाच मापाचा अंगरखा सगळ्यांना घालून सरासरी काढली तर ती माफकच येणार. माझ्या धंद्याच्या मापाने शिवलेले कर्ज आणि ढिगाशेजारी दिलेले शिक्षण एकत्र कसे चालते, ते मी दुसऱ्या कर्जात थोडेसे पाहिले आहे. ग्राइंडर आता आठवड्यातून चार दिवस चालते. छाटणाऱ्या पाचही बायका बाटली उलटी करून बघतात, नवीन आलेलीला त्याच शिकवतात.

तुमच्या अर्जात 'मासिक उत्पन्न' असा रकाना आहे. पहिल्या वेळी मी तो कसा भरावा ते कळेना म्हणून अंदाजाने एक आकडा लिहिला, आणि त्या आकड्यावर माझा हप्ता ठरला. त्याच्या खाली दोन रकाने वाढवा: माल घेतल्यापासून पैसे येईपर्यंत किती दिवस जातात, आणि या काळात रोज किती रोख लागते. अधिकाऱ्याने ते दोन आकडे गाळ्यावर येऊन स्वतः पाहून भरावेत.

आणि एक निमंत्रण. तुमची माणसे आमच्याकडे येतात ती हप्त्याच्या दिवशी. एकदा गाडी भरायच्या दिवशी या. पहाटे साडेपाचला सुरुवात होते, गठ्ठे काट्यावर चढतात, प्रत्येकाचे वजन पाटीवर लिहिले जाते. दुपारी गाडीबरोबर कारखान्यात चला, तिथल्या माणसाने कोणत्या गठ्ठ्याची तार कापून आत हात घातला ते बघा, आणि पावती मिळेपर्यंत माझ्याजवळ थांबा. प्रशिक्षणाच्या बाईंनाही बरोबर आणा.

आपली नम्र,
भंगाराचा छोटा धंदा चालवणारी तुमची एक कर्जदार